बाणाला ताठा किती असावा?

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रं म्हणून जे पाटावर मांडलं जातं, त्यात पक्कड, पाना, शिवणाची कात्री आणि आईची विळी असते. काही वर्षांपूर्वी त्यात एक धनुष्य आणि सहा बाण वाढले. गेल्या वर्षी झेंडूची फुलं वाहता वाहता पुतणीने, मुक्ताने, विचारलं, "काका, मलाही घ्यायचंय. कोणतं घेऊ?"

मी म्हटलं, "आधी हात पसर."

"कोणापुढे? बाबांपुढे की तुमच्यापुढे?"

पैशाचा प्रश्न नंतरचा होता. मला तिची वाव मोजायची होती. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताणले की या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंतचं अंतर म्हणजे वाव. या अंतराला अडीचने भागलं की माणूस धनुष्य साधारण किती मागे ओढेल ते कळतं. मुक्ताची वाव भरली 160 सेंटीमीटर. भागिले अडीच म्हणजे 64 सेंटीमीटर, सुमारे 25 इंच. ही तिची ओढ. माझी 27 इंच आहे. दुकानात पाय ठेवण्याआधी हा आकडा खिशात हवा, कारण पुढचे सगळे हिशेब इथून निघतात. लोक उलट करतात. आधी देखणं धनुष्य घेतात, मग त्याच्यासोबत मिळतील ते बाण, आणि मग वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देतात.

मीही तेच केलं होतं. पहिलं धनुष्य मागवलं 50 पाउंडांचं, फोटो बघून. पाउंड हे धनुष्याचं वजन नव्हे. हातात धरलं तर ते अर्धा-पाऊण किलोच असतं. पाउंड म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर येणारा भार. 50 पाउंड म्हणजे पावणेतेवीस किलो, आणि तो पेलायचा तीन बोटांवर आणि पाठीच्या स्नायूंवर. पहिले तीन महिने मी नेम शिकलोच नाही. दोरी गालापर्यंत आली की सुटका करून घ्यायची, एवढंच शिकलो. ती घाईची सवय मोडायला नंतर वर्ष गेलं. म्हणून नवख्या पुरुषाने 30-35 आणि बाईने किंवा पोरासोराने 20-25 पाउंडांच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. कोणी हसलं तर हसू दे. दोरी गालाशी आणून मनातल्या मनात आठपर्यंत मोजा. हात थरथरला तर ते धनुष्य अजून तुमचं नाही.

धनुष्यावर आकडा असतो तो असा: 30 पाउंड, 28 इंच. म्हणजे 28 इंच ओढलं तर 30 पाउंड. धनुष्य स्प्रिंगसारखं असतं, जितकं ओढाल तितका भार वाढतो. अशा हलक्या धनुष्यात इंचाला साधारण दोन पाउंड, जड धनुष्यात अडीच-तीन. मुक्ता 25 इंचच ओढते, म्हणजे तिच्या हातात ते 30चं धनुष्य 24 पाउंडांचंच राहतं. बाण निवडताना हा 24 धरायचा, छापलेला 30 नाही. अनेकांची पहिली चूक इथेच होते, आणि ती चूक झाली की पुढचं गणित कितीही बरोबर केलं तरी उत्तर चुकतं.

धनुष्याच्या जातींवर फार वेळ घालवत नाही. सरळ, लांब धनुष्याला लाँगबो म्हणतात. ते उंच, शांत, चुका पोटात घालणारं असतं. टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह कमी लांबीत जास्त जोर देतं, आणि त्याच्या भुजा सुट्या करता आल्या तर पुढे फक्त भुजा बदलून भार वाढवता येतो. नवख्यासाठी हाच व्यवहारी मार्ग. (या भुजांना इंग्रजीत लिम्ब म्हणतात. मी फोनवर कोणाला तरी "लिंबं उन्हात ठेवू नका" सांगत होतो तेव्हा आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरणार नाही.) तिसरी जात घोडेस्वारांची, आखूड आणि खूप वळलेली. शिंग, लाकूड आणि जनावराचे स्नायू सरसाने चिकटवून केलेली जुनी मोगली कमान याच घराण्यातली. ओल्या हवेत सरस ढिला पडतो, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. तेव्हा हिंदुस्थानात पोलादाच्या कमानीही घडवल्या गेल्या यात नवल नाही. आखूड धनुष्य लांब ओढीच्या माणसाने घेऊ नये. शेवटच्या दोन इंचांत भार एकदम चढतो आणि दोरीचा कोन बोटांना चिमटे काढतो. 28 इंच ओढणाऱ्याला 66-68 इंचांचं धनुष्य सुखाचं, मुक्ताला 62 पुरलं.

आता खरा विषय, बाण.

बाण धनुष्याच्या मधोमध नसतो, बाजूला टेकलेला असतो. दोरी मात्र सुटल्यावर मधल्या रेषेकडे धावते. म्हणजे पूर्ण ओढलेल्या अवस्थेत बाण लक्ष्याकडे रोखलेला दिसतो, पण दोरी परत जाताना बाणाची शेपटी मध्यावर येते आणि टोक बाजूला वळायला हवं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा प्रत्येक बाण डावीकडे जायला हवा. तसा जात नाही, कारण लाकडी बाण वाकतो. मागून दोरीचा दणका, पुढे टोकाचं वजन, मधली कांडी या दोघांत सापडते. आधी ती धनुष्याच्या बाजूला फुगते, मग बाहेरच्या बाजूला, आणि अशी नागमोडी होत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघते. शेपटीकडची पिसं मुठीपाशी पोचतात तेव्हा शेपटी बाहेर झुकलेली असते, म्हणून पिसं न घासता निसटतात. 1930च्या दशकात अमेरिकेत अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं गेलं, तोवर बऱ्याच लोकांना बाण सरळ दांड्यासारखाच जातो असं वाटे.

हा वळसा नेमका जमायला बाण पुरेसा वाकला पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. बाणाच्या न वाकण्याच्या या गुणाला स्पाइन म्हणतात. मी मराठीत ताठा म्हणतो, कारण माणसासारखंच आहे: ताठा फार असला की मुठीला धडकून डावीकडे जातो, फारच कमी असला की भलता लवून उजवीकडे जातो आणि शेपटीचा फटका मारतो. (डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) कार्बनच्या बाणात ताठा कारखान्यातून एकसारखा येतो. लाकडात एकाच झाडाच्या दोन कांड्या दोन स्वभावांच्या निघतात.

ताठा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एका फळीवर दोन खिळे ठोका, अंतर 26 इंच म्हणजे 66 सेंटीमीटर. कांडी त्यांवर आडवी ठेवा. मधोमध 2 पाउंड म्हणजे 907 ग्रॅम वजन टांगा. कांडी किती मिलिमीटर लवली ते मोजा आणि 660ला त्या आकड्याने भागा. साडेसोळा मिलिमीटर लवली तर 40, तेरा लवली तर 51च्या आसपास, एकोणीस लवली तर 35च्या जवळ. उत्तर पाउंडांत येतं, आणि त्याचा अर्थ असा की 28 इंचांची, 125 ग्रेनच्या (सुमारे 8 ग्रॅमच्या) टोकाची ही कांडी साधारण तेवढ्या पाउंडांच्या धनुष्याला जमते. 907 ग्रॅमसाठी मी कापडी पिशवीत वाळू भरली आणि सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे तोलून घेतली. त्याने आधी विचारलं, "भिया, यात काय आहे?" वाळू म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. आता तो माझे बाणही तोलतो, पण त्याकडे मग येतो.

28 इंच आणि 125 ग्रेन ही पाया धरण्याची मापं. त्यातून हललात की ताठा बदलतो, कांडी तीच असली तरी. बाण एक इंचाने लांब ठेवला की तो सुमारे 5 पाउंडांनी नरम वागतो, एक इंचाने आखूड केला की 5 पाउंडांनी ताठ. टोक 25 ग्रेनने जड केलं की पुन्हा सुमारे 5 पाउंडांनी नरम. लांब पट्टी कडेला धरून हलवली तर जास्त लवते, आखूड पट्टी लवत नाही. शाळेच्या बाकावर प्लास्टिकची पट्टी वाजवलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. धनुष्याची मूठही हिशेबात येते. काही धनुष्यांत बाणासाठी मध्यापर्यंत खाच कापलेली असते, तिथे वळसा लहान, म्हणून धनुष्याच्या भाराइतका किंवा 5 पाउंडांनी जास्त ताठा चालतो. साध्या लाँगबोत बाण हाताच्या मुठीवरून, पार बाहेरून जातो, वळसा मोठा, म्हणून 5 ते 10 पाउंडांनी नरम बाण लागतो.

माझं उदाहरण घ्या. लाँगबोवर छापलंय 40, माझी ओढ 27, म्हणजे हातात येतात साडेसदतीस. मुठीवरून बाण जातो म्हणून 5 वजा. बाण 28 इंचांचा, टोक 125 ग्रेनचं, त्यामुळे तिथे बदल नाही. उत्तर 32-33. 30 ते 35 ताठ्याच्या कांड्या घ्यायच्या. सोपं होतं.

मुक्ताचं अवघड निघालं. 24 पाउंड, तिच्या धनुष्यातही खाच मध्यापर्यंत पोचलेली नाही, म्हणून हवा होता 20च्या आसपासचा ताठा. इतकी नरम कांडी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. हलक्या धनुष्यांची, म्हणजे सगळ्या नवख्यांची, ही कायमची गोची आहे, आणि विकणारे ती सांगत नाहीत. "मुलीसाठी आहे ना, मग हे घ्या" म्हणत 45चे आखूड बाण हातात देतात. बाण डावीकडे जातात, पोरगी हिरमुसते, धनुष्य माळ्यावर जातं. उपाय लांबीत आहे. 35 ताठ्याची कांडी 31 इंचांची ठेवली की तीन इंचांचे 15 पाउंड वजा होऊन ती 20सारखी वागते. मुक्ताचे बाण धनुष्यापुढे हातभर नाही तरी वीतभर बाहेर येतात. दिसायला विचित्र. जातात मात्र सरळ.

कांडी घासूनही नरम करता येते, पण जपून. ताठा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. बाजारात मिळणाऱ्या कांड्या मुख्यतः 7.94 मिलिमीटर आणि 8.73 मिलिमीटर जाडीच्या. फरक मिलिमीटरहून कमी, जाडी एक दशांशाने वाढली, पण लाकूड तेच असेल तर ताठा तब्बल 46 टक्क्यांनी वाढतो. 8.7च्या कांडीवरून पॉलिश कागदाने 0.2 मिलिमीटर उतरवलंत तर 9 टक्के ताठा गेला. चार हात मारायचे, खिळ्यांवर ठेवून मोजायचं, पुन्हा चार हात.

लाकूड कोणतं? परदेशात पोर्ट ऑरफर्ड सीडार, स्प्रूस, पाइन, बर्च. आमच्या इंदुरात सियागंजाच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानांत गोल दांडे मिळतात, त्यातूनही सहा बाण निघतात, पण पन्नास दांडे उलटेपालटे करायची लाज बाळगायची नाही. बघायचं ते रेषांकडे. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन कडेने बाहेर पडत असतील तर तो दांडा पडद्याला वापरा, बाणाला नको. कारण दणक्यात तो त्या तिरक्या रेषेवर फाटतो, आणि फाटलेला मागचा तुकडा डाव्या हाताच्या तळव्यात घुसू शकतो. हे घाबरवायला सांगत नाही. प्रत्येक वेळी सोडण्याआधी बाण हलकेच वाकवून, कानाशी धरून बघायची सवय ठेवा. तडकलेला बाण बारीक कुरकुरतो.

दांड्याच्या दोन बाजूंना वर्षवलयांच्या कडा बारीक समांतर रेषांसारख्या दिसतात, उरलेल्या दोन बाजूंना त्याच रेषा लांबट टोकदार पानांसारख्या. समांतर रेषांची बाजू ताठ असते, ती धनुष्याला टेकली पाहिजे. ताठा मोजतानाही वजन त्याच बाजूवर पडेल अशी कांडी ठेवायची. दोरीची खाच वलयांना आडवी कापायची, नाहीतर दोरीच पाचरीसारखी शिरून बाण उभा चिरते. आणि वरच्या बाजूची ती टोकदार पानं पुढे, लक्ष्याकडे रोखलेली हवीत, म्हणजे कांडी फाटलीच तरी मागचा तुकडा वर उसळतो, हातात नाही.

एवढा सगळा उपद्व्याप बांबूत कमी होतो. संस्कृतात शर म्हणजे बाण आणि शर म्हणजे बोरूच्या जातीचं गवतही. कांड म्हणजे पेर आणि कांड म्हणजे बाणही, उसाचं कांडं तेच. ज्यांनी हे शब्द केले त्यांनी लाकूड तासून बाण केले नव्हते, गवत तोडून केले होते. बांबूला आणि बोरूला वलयं नसतात, कडक तंतू बाहेरच्या सालीत गच्च असतात, बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळतेपणा आपसूक असतो, आणि वाकल्यावर ते चटकन सरळ होतात. इंदूरहून दीडशे किलोमीटरवर झाबुआ. होळीआधीच्या आठवड्यात तिकडे भगोरियाचे हाट भरतात, भिल्ल पुरुष तीर-कामठी खांद्यावर टाकून येतात. त्यांचं धनुष्य बांबूचं आणि दोरीही बहुधा बांबूच्याच सालीची पट्टी. एका हाटात मी एका म्हाताऱ्या बाबांना तीर निवडताना बराच वेळ पाहिलं. एक टोक तळव्याला लावायचे, दुसरं दाबायचे, लवलेला तीर फिरवत फिरवत पुन्हा दाबायचे. काही तीर इकडे, काही तिकडे. मी घरी खिळे ठोकून जे करतो ते त्यांचा तळवा करत होता. मी 660ला भागतो हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

बांबूची कांडी घेतलीत तर तेच करा. खिळ्यांवर ठेवून फिरवत राहा, सगळ्यात कमी लवते ती बाजू खूण करून ठेवा आणि ती धनुष्याकडे येऊ द्या. पेरांच्या गाठी घासून सपाट करा. पण वरची साल सोलू नका, सगळी ताकद तिथेच असते.

पिसांबद्दल थोडक्यात. महाभारतात बाणांना कंकपत्र म्हटलंय, कंक पक्ष्याची पिसं लावलेले. आज टर्कीची वापरतात. हातावरून किंवा लाकडी खाचेवरून बाण सोडायचा असेल तर प्लास्टिकची पाती नकोत. पीस घासलं तरी चेपतं आणि निसटतं, प्लास्टिक आदळून बाण उडवतं. एका बाणाची तिन्ही पिसं एकाच पंखाकडची हवीत, वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला.

आता सोनार. सहा बाण नुसते ताठ्यात जुळून चालत नाहीत, वजनातही जुळावे लागतात. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एका ग्रॅमचे 15.4 ग्रेन. संचातल्या हलक्यातल्या हलक्या आणि जडातल्या जड बाणात 10 ग्रेनहून, म्हणजे दोन तृतीयांश ग्रॅमहून जास्त फरक नको. किराणा दुकानाच्या काट्यावर हे दिसत नाही, सोनाराच्या दिसतं. खालची मर्यादाही आहे. धनुष्याच्या प्रत्येक पाउंडाला निदान 9 ग्रेन तरी बाण असावा. 40 पाउंडांना 360 ग्रेन, सव्वातेवीस ग्रॅम. त्याहून हलका बाण सगळा जोर घेऊ शकत नाही, उरलेला जोर धनुष्याच्याच भुजांत परततो. बाणाशिवाय दोरी सोडणं तर कधीच नाही. पाहुण्यांची मुलं नेमकी हेच करतात, म्हणून पाहुणे आले की मी दोरी उतरवून ठेवतो.

सगळं जमवून झालं की परीक्षा. एका कांडीला पिसं लावू नका. 8-10 मीटरवरून पिसं लावलेले तीन बाण आणि एक बिनपिसांचा सोडा. पिसं चुका झाकतात, उघडा बाण चुगली करतो. तो पिसांच्या बाणांच्या डावीकडे रुतला तर ताठा जास्त, उजवीकडे तर कमी. जास्त असेल तर टोक जड करा. कमी असेल तर कांडी पाव-पाव इंच कापत जा. म्हणून सुरुवात लांब कांडीने करायची, कापलेलं परत जोडता येत नाही. आम्ही हे राऊच्या पुढे एका मित्राच्या शेतावर करतो, मागे मातीचा बांध, पुढे जुन्या कपड्यांनी ठासलेली बारदानं. गच्चीवर करू नका. 24 पाउंडांचं धनुष्यही खेळणं नाही.

शेवटचा शत्रू हवामान. मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य विसरलात तर चिकटवलेले थर सुटू शकतात. पावसाळ्यात उलटं, लाकूड ओल पितं, बाण वाकतात आणि नरम पडतात. वाकलेला बाण गॅसच्या आचेपासून लांब धरून, फिरवत, हाताला चटका बसेल इतपत गरम करायचा, उलट्या बाजूला किंचित जास्त वाकवून थंड होऊ द्यायचा. ओल थांबवायला वॉर्निशचे दोन-तीन हात, कापलेल्या टोकांना तर नक्कीच. जवसाचं तेल दिसायला सुंदर, ओल अडवायला कमजोर. दोरीला मेण.

मुक्ताने सहा बाणांना नंबर घातलेत आणि प्रत्येकाचं वहीत पान आहे. जूनपासून चार नंबरचा बाण उजवीकडे जायला लागला. तिला वाटलं हात बिघडला. गेल्या रविवारी आम्ही तो खिळ्यांवर ठेवला. मार्चमध्ये 35 होता, आता 32. त्या दिवशी वॉर्निश संपत आलं होतं आणि चार नंबरला एकच हात मिळाला होता, हे तिच्याच वहीत लिहिलेलं सापडलं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा मोजणार आहोत.